विहिरीला उथळ बाजू नसते

नाना, मला पोहता येतं. झोपेत येतं. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, आणि हे सुरू झालं गेल्या चार-पाच वर्षांत. दुपारी जेवून जरा आडवी झाले की मी आपल्या पाचोऱ्याकडच्या मळ्यातल्या विहिरीवर असते. पायऱ्या मोजते. अकरा भरतात. लगेच पुन्हा मोजते, तर सतरा. तिथेच कळतं की हे स्वप्न आहे, पण जाग येत नाही. भाची म्हणते, "आत्या, याला ल्युसिड ड्रीम म्हणतात, यात मनात येईल ते करता येतं." माझ्या मनात एकच असतं. मी उडी मारते. वरचं वीतभर पाणी उन्हानं कोमट, गुडघ्यांपाशी एकदम गार. केस टाळूपासून सुटून वर जातात, कानात दडे बसतात, आणि हातांनी पाणी मागे सारलं की अंग पुढे सरकतं. उठल्यावर दंड भरून आलेले असतात. जे मी जन्मात एकदाही केलं नाही, ते इतकं खरं वाटतं की जागेपणी बस पकडलेली, पेपरसाठी बातम्या लिहिलेल्या, सगळं त्यापुढे ऐकीव वाटायला लागतं. याचा मला आनंद व्हायला हवा. मला संताप येतो, आणि तो तुमच्यावर येतो.

उन्हाळ्याची सुट्टी लागली की तुम्ही गावातल्या पोरांना पोहायला शिकवायचात. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधायचा आणि ढकलून द्यायचं. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, तर अख्खी गल्ली विहिरीवर. आम्हा पोरींना निंबावर झोका बांधलेला, गाणी म्हणायला मोकळीक; पाणी मात्र पोरांचं. मी झोका सोडून तुमच्या मागे यायचे, कारण पोरांचे कपडे सांभाळायला कुणीतरी लागायचं. तीन उन्हाळे मी काठावर मांडीत ओल्या चड्ड्यांचा ढीग घेऊन बसले आणि तुम्ही ओरडून सांगितलेला शब्द न् शब्द ऐकला. अकराव्या वर्षी एकदा डबा मीच पाठीला बांधला. तुम्ही वर आलात, सगळ्यांसमोर गाठ सोडलीत आणि म्हणालात, "तुले काय करनं शे पव्हीसन? तुना सासरमा काय समुंदर शे का?" पोरं हसली. तुम्हीही हसलात. शाळेत पुस्तकी मराठी बोलणारे माझे मास्तर वडील, मला हिणवायला तेवढे घरच्या बोलीवर आलात.

तरी हे मी विसरले असते. पण पुढच्याच वर्षी काकांची मुलगी त्याच विहिरीत बुडून गेली. पोहायला नव्हती गेली, पाणी शेंदायला गेली होती. शेवाळावरून पाय घसरला. नाना, त्या विहिरीवर रोज कोण जायचं? आई, काकू, आम्ही दोघी. पोरं वर्षातून दोन महिने, तीही मजेला. आणि ज्यांना येत होतं त्यांतलं त्या वेळी तिथे कुणी नव्हतं. तुम्ही धावत आलात, अंगावरच्या शर्टासकट उडी टाकलीत, तिसऱ्या बुडीला तिला वर आणलंत. तेराव्यानंतर मी तुमच्या पुढ्यात उभी राहिले. "आता तरी शिकवा." तुम्ही वहीतून डोकं वर काढलं नाहीत. "आता तर तू विहिरीकडे फिरकायचंच नाही." पाणी कुणी आणायचं ते सांगितलं नाहीत. दुसऱ्या दिवशी घागर माझ्याच हातात होती. आणि त्या उन्हाळ्यात पोरांची शिकवणी पुन्हा सुरू झाली. हे मला अजून गिळता येत नाही.

गेल्या महिन्यात मी धुळ्यातल्या एका पोहण्याच्या तलावावर बायकांच्या वर्गात नाव घातलं. देवपुरातल्या माझ्या घरून रिक्षानं दहा मिनिटं. शिकवणारी मुलगी जेमतेम पंचविशीची. तिने सगळ्यांना उथळ बाजूला कठडा धरून उभं केलं. मला त्याचा रागच आला. आपल्याकडे पोहणं शिकायचं ते पाय टेकत नाहीत तिथेच. विहिरीला उथळ बाजू नसते. शिवाय मला येतच होतं की. मी कडेने चालत खोल टोकाला गेले आणि उडी मारली.

पाणी वरपासून खालपर्यंत एकसारखं गार. नाकातून मेंदूपर्यंत आग गेली. आणि तेव्हा लक्षात आलं, स्वप्नात मला श्वासासाठी एकदाही वर यावं लागलं नव्हतं. एवढी एकच गोष्ट झोपेला ठाऊक नव्हती. मी खाली जात होते आणि मला काकांची मुलगी आठवली नाही, तुम्ही आठवला नाहीत, काहीच आठवलं नाही. पाय आपोआप हलत होते. मी वर आले, खोकत, आंधळ्यासारखी, आणि हाताला कठडा लागला. ती मुलगी तोवर पाण्यात उतरली होती.

"मावशी, जीव द्यायला आल्या होत्या का?"

"चुकलं माझं."

"चुकलं म्हणे! आमची नोकरी गेली असती ना." मग मला बाहेर बसवून, पाठ चोळत ती जरा नरमली. "पण पाय एकदम बरोबर मारत होत्या तुम्ही. श्वास तेवढा शिकवते. आधी कोणी शिकवलं होतं?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. खरं सांगायचं तर 'कुणीच नाही' म्हणायचं होतं. ते ऐकवण्यासाठीच मी इतकी वर्षं थांबले असेन. मी म्हणाले, "वडिलांनी."

नाना, हे पत्र कुठे पाठवायचं नाही म्हणून लिहिते: ते सांगताना मला अभिमान वाटला. त्याबद्दल मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही.