घरचं नाव

२२ मार्च १९९९, पिंप्राळा

लिनक्स बसलं! पहिल्या खेपेला सीडी अडकली. दुसऱ्या खेपेला वीज गेली – या लॅपटॉपची बॅटरी म्हणजे नुसती शोभेची. आज मात्र शेवटपर्यंत गेलं. काळा पडदा, पांढरी अक्षरं. देखणं-बिखणं काही नाही. तरी पाहतच बसले आणि वरणाला फोडणी द्यायची राहिली.

मासिकाबरोबर फुकट आलेली सीडी, यांच्या मित्राने अमेरिकेतून येताना आणलेला जुना लॅपटॉप, आणि मी. बरं जमलंय त्रिकूट.

खरं काम पुढेच आहे. क्लासमध्ये इंटरनेट आणायचं. फोन आहे जीवराम नानांकडे, रस्त्याच्या पलीकडच्या घरात. आमच्या खोलीला फोन मिळायचा म्हणजे नंबर लागेस्तोवर माझे केस पांढरे होतील. फेब्रुवारीत हे आले होते तेव्हा नानांच्या गच्चीवरून इकडे केबल ओढली. विजेच्या तारांना घासते म्हणून लाइनमनने ती कापली. परत ओढली, परत कापली! मग हे म्हणाले, तारच नको. मित्राने रेडिओवर चालणारी दोन कार्डं दिली होती. एक यांनी नानांकडच्या कॉम्प्युटरला लावलं, मोडेम लावला, सगळं चालू करून ठेवलं. दुसरं लॅपटॉपला लावायचं काम माझ्यावर. ‘तुला येईल,’ म्हणाले आणि धुळ्याची गाडी पकडली. तेव्हा आठवडाभर राहिले होते. गिरणीवाल्यांनी इतकी रजा दिली कशी, देव जाणे.

२४ मार्च

आबांचा – सासऱ्यांचा – शब्द ठरलेला आहे. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, क्लास चालव. जम बसला तर बसला, नाहीतर कुलूप लाव आणि धुळ्याला ये.

जम बसायचा तर सुट्टीची बॅच भरली पाहिजे. आणि पालक पायरी चढायच्या आधी विचारतात – इंटरनेट आहे का? स्टेशनकडच्या एका क्लासने पाटीवर लिहिलंय. आत चालतं की नाही कोण बघतो, पाटी आहे ना!

धुळ्याचं घर वाईट नाही. माणसंही वाईट नाहीत. पण तिथे सकाळचा चहा आणि संध्याकाळचा चहा यांच्या मध्ये मी कुठेच नसते. इथे पोरी ‘मॅडम’ म्हणतात. एखादीला पहिल्यांदा माऊस हातात धरता येत नाही आणि महिन्याभरात तीच मला माझी चूक दाखवते. मला हे सोडायचं नाही. लिहून टाकलं एकदाचं.

२६ मार्च

कार्ड खोबणीत सारलं की लॅपटॉप दोनदा वाजतो. पहिला आवाज म्हणजे ‘ओळखलं’. दुसरा म्हणजे ‘कामाला लागलं’. दोन्ही उंच वाजले की झालं. माझा पहिला उंच आणि दुसरा खाली – टूं, ढूं. नाक मुरडल्यासारखा! दिवसभर टूं-ढूं, टूं-ढूं. नानांच्या पत्नी बेबाबाई पापड वाळत घालता घालता पलीकडून विचारत होत्या, आत काय पाळलंय?

२७ मार्च

टूं-ढूं.

३० मार्च

सापडलं! लॅपटॉपमधलं आवाजाचं कार्ड आणि हे रेडिओचं कार्ड, दोघंही एकाच नंबरावर हक्क सांगत होती. दोन जावांची एक चूल. सीडीवरच्या सूचना वाचून वाचून डोळे गेले, पण कळलं. आवाजाच्या कार्डाला बाहेरचा रस्ता दाखवला. गाणी ऐकायची नाहीत, टूं-ढूं त्याच्यावाचूनही वाजतं, काय बिघडलं?

टूं-टूं!! तीनदा काढून तीनदा घातलं, नुसतं ऐकायला.

पण हाय रे दैवा. कार्ड जागं झालं, दिवा लुकलुकतो, पण पलीकडच्या कार्डाशी अक्षर बोलत नाही. पुन्हा सूचना उघडल्या. तिथे लिहिलंय, दोन्हीकडे नेटवर्कला नाव द्यावं लागतं आणि ते अक्षरन् अक्षर सारखं लागतं. इंग्रजीतलं मोठं अक्षर, लहान अक्षर, तेही सारखं. पलीकडे नाव यांनी दिलं. मला सांगायचं राहिलं! तिकडे स्क्रीन नेऊन लावला तर तो कॉम्प्युटर पासवर्ड विचारतो. तोही यांनाच ठाऊक.

२ एप्रिल, शुक्रवार

नानांकडून धुळ्याला फोन केला. घरी फोन नाही, शेजारच्या दुकानाचा पीपी नंबर आहे. दुकानदाराने हाक मारली, सासूबाई आल्या. ‘तो त सकायमाच गया दोंडाईचाले,’ म्हणाल्या. शुक्रवार यांच्या सुट्टीचा वार. तरी दोंडाईच्याला गिरणीवर गेले. त्यांचा वजनकाटा आणि कॉम्प्युटर सांभाळायला दुसरं कोणी नाहीच वाटतं.

सासूबाईंनी जेवणखाण विचारलं. ऊन फार आहे, डोक्यावर पदर घे म्हणाल्या. नेटवर्कचं नाव विचारून ठेवा असं त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार?

५ एप्रिल

आज भेटले फोनवर. दुकानात आबाही उभे असावेत, मागून खोकला ऐकू येत होता. म्हटलं, नेटवर्कला नाव काय दिलंय तेवढं सांगा.

यांनी नुसता घसा साफ केला. मग म्हणाले, ‘घरचंच आहे.’

‘घरचं म्हणजे?’

‘घरचं गं. बघ तू.’

पासवर्ड विचारला तर म्हणे तोही तोच. आणि फोन ठेवला! एसटीडीचं मीटर पळत असतं हे मलाही कळतं, पण एक शब्द सांगायला काय जातं माणसाचं?

६ एप्रिल

‘घर’ घातलं. नाही. धुळ्याच्या घराच्या दारावर ‘मातृछाया’ लिहिलंय, ते घातलं. सगळ्या स्पेलिंगांनी घातलं. नाही. आडनाव. नाही. गल्लीचं नाव, मूळ गावाचं नाव. नाही. घरची देवी म्हणून ‘एकवीरा’ घातलं आणि हात जोडले. देवीनेही मनावर घेतलं नाही.

नाना दारात येऊन उभे राहिले. मूळचे शिंदखेड्याकडचे, बोलणं तिकडचंच. ‘बठ्ठं व्हई जाई, पोरी,’ म्हणाले. त्यांच्या घरात आमची यंत्रं पडलेली, त्यांचा फोन आम्ही अडवणार, आणि धीरही तेच देतात. मी त्यांच्यावरच खेकसले असते, थोडक्यात वाचले बिचारे.

९ एप्रिल

दोन मुलींचे वडील येऊन गेले. इंटरनेट आहे का? म्हटलं, होतंय. ‘झालं की सांगा,’ म्हणाले आणि स्टेशनकडे गेले. मी खिडकीतून बघत राहिले.

फैजपूरहून आईचा फोन, नानांकडेच. आखाजीला ये, लिंबाला झोका बांधलाय, सगळ्या पोरी येणार आहेत. नाही म्हटलं. आईचा आवाज पडला. पण झोक्यावर बसले असते तरी डोक्यात हेच फिरलं असतं.

आज फार वाईट वाटतंय. एका शब्दापायी सगळं अडलं. आखाजी आली तोंडावर.

११ एप्रिल

आज जे झालं ते नीट लिहिते.

बेबाबाई लेकीकडे गेल्यात. मी नानांकडे कार्डाचा दिवा बघायला गेले, तेवढ्यात त्यांच्या ओळखीचे कोणी म्हातारे आले. नाना उठले आणि अगदी सहज म्हणाले, ‘आमचं घर गावाला गेलंय. बसा, चहा मीच करतो.’

म्हातारे बसले. त्यांना काहीच वाटलं नाही. मी मात्र भिंतीला टेकले.

घर गावाला गेलंय!

दुकानात यांच्या मागे आबा उभे होते. वडीलधाऱ्यांसमोर यांनी माझं नाव आजवर एकदाही घेतलेलं नाही. ‘अगं’, ‘ऐकलं का’, नाहीतर नुसता घसा साफ करायचा. नाव घरचंच आहे. मी म्हणजे घर! आणि मी एवढी शहाणी, दारावरच्या पाट्या टाइप करत बसले.

धावत रस्ता ओलांडला. चप्पल नानांकडेच राहिली, पाय पोळले. manisha टाइप केलं. काही नाही. मोठ्या अक्षरांत केलं. काही नाही. m मोठं, बाकी लहान. दिवा आपला लुकलुकतोय, जसं काही झालंच नाही.

वाटलं, मीच आपली शेफारले. माझं नाव कशाला ठेवतील? त्यांना घर म्हणजे घरच म्हणायचं असेल.

क्लासच्या पाटीकडे बघत बसले. ‘मनीषा कॉम्प्युटर क्लास’. हे नाव आबांनी निवडलं. लग्नात ताटातल्या तांदळावर यांनी अंगठीने लिहिलं, सगळ्यांनी वाचलं, आणि त्या दिवसापासून मी मनीषा. रेशनकार्डावर मनीषा, पत्रावर मनीषा. त्याआधीचं नाव आता फक्त आई घेते.

पुन्हा कीबोर्ड पुढे ओढला. lata.

चाललं.

पलीकडच्या कॉम्प्युटरने उत्तर दिलं. एकामागून एक ओळी पडद्यावर उतरत गेल्या, थांबेचनात. तार नाही, काही नाही, रस्त्यावरून रिक्षा जातेय आणि तिच्या डोक्यावरून माझं काम चाललंय! मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले. कार्डासाठी की नावासाठी, आता मलाच सांगता येणार नाही. सहा वर्षांत यांनी मला लता म्हणून कधी हाक मारली नाही. मला वाटलं होतं, ते नाव यांना आठवतही नसेल.

१३ एप्रिल

पोरींनी जागा पकडून ठेवल्या होत्या. पहिलं पान उघडायला इतका वेळ लागला की मधे एकीने सगळ्यांसाठी पाणी आणलं. वरून खाली, एकेक पट्टी. शेवटी चित्र पूर्ण झालं तेव्हा टाळ्या! नाना खुर्ची घेऊन बसले होते. यात शिंदखेडा दिसतो का म्हणाले. नाही दिसत. ‘मंग काय कामनं?’ पण उठले नाहीत, शेवटपर्यंत बसले.

बेबाबाईंची तक्रार, लेकीचा फोन लागत नाही. वेळ ठरवून घेतली. दुपारचा फोन त्यांचा, सकाळ-संध्याकाळ माझा.

१५ एप्रिल

पाटीवर ‘इंटरनेट’ रंगवून घेतलं. बॅच भरली! ते दोन मुलींचे वडीलसुद्धा परत आले. स्टेशनकडे नुसती पाटीच निघाली. मी हसले नाही, पोटात ठेवलं.

आबांना निरोप पाठवला, जम बसला म्हणून. उत्तर आलं – ‘आखाजीला अभिमन येतोय. मग बघू.’

मग बघू! आबांचं ‘मग बघू’ म्हणजे काय ते घरातल्या भांड्यांनाही माहीत आहे. अभिमन म्हणजे हेच; यांना मला न्यायला पाठवताहेत. शब्द दिला होता, जम बसवून दाखवला, तरी!

१७ एप्रिल

ठरवलं. उद्या यांना तोंडावर सांगणार – मी येणार नाही. ज्यांनी माझं खरं नाव जपलं त्यांनाच नाही म्हणायचं, याचा त्रास होतोय. पण सांगणार.

डाळ भिजत घातली. आंबे नानांनी पाठवले. सण आहे, भांडण पुरणपोळीनंतर करू.

१८ एप्रिल, आखाजी

हे आले. हातात पिशवी नाही, पत्र्याची पेटी. सगळे कपडे असलेली.

मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, गिरणी जानेवारीतच बंद पडली. रोज डबा घेऊन निघायचे आणि बसस्टँडवर बसायचे. काल आबांना सांगितलं. मग तिथेच उंबऱ्यात उभं राहून, माझ्याकडे न बघता – ‘लता, तुझ्या क्लासमध्ये माणूस लागतो का?’

गॅसवर पुरण लागलं. हलले नाही.

म्हटलं, लागतो. उद्या आठची बॅच आहे. उशीर चालत नाही.