ब्रोगन खड्ड्यातून वर आला

प्रिय कर्टिस,

आधी मोठी बातमी. तुझा ब्रोगन खड्ड्यातून वर आला, आणि त्याला मी काढला. हसू नकोस. ऑक्टोबरात तू तळघरातला खेळ अर्धवट टाकून टेबलावरून ताडकन उठलास आणि मिनियापोलिसला निघून गेलास. तेव्हापासून तो बिचारा राक्षसाच्या गुहेतल्या खड्ड्यात चिलखतासकट पडून होता. वेन्डेलचं म्हणणं, राहू दे त्याला तिथंच, आपण पुढे जाऊ. मार्सी म्हणाली, मित्राला असं टाकून गेलं तर माझी वनकन्या पुन्हा कधी गाणार नाही. आणि तुझे डॅड आपले एकच, "ज्याचा माणूस, त्यानेच खेळायचा." त्यामुळे थँक्सगिव्हिंग झालं, ख्रिसमस झाला, तरी ही तीन मोठी माणसं दर शनिवारी दुपारी घर तापवायच्या भट्टीशेजारी बसून खड्ड्यात डोकावत होती आणि वाडग्यातले चीजचे तुकडे संपले की घरी जात होती. शेवटी माझं डोकं फिरलं. म्हटलं, "आणा इकडे तो ब्रोगनच्या माहितीचा कागद. आजपासून मी ब्रोगन."

इतकी वर्षं मी वरून सँडविच पाठवत होते आणि मला वाटायचं, हे सगळे मिळून एक खेळ खेळतात: डॅड गोष्ट सांगतात, बाकीचे त्यातला एकेक माणूस होऊन बोलतात, आणि काय घडलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. खाली बसल्यावर कळलं, टेबल एक, पण खेळ प्रत्येकाचा वेगळा. वेन्डेल हार्डवेअरचं दुकान बंद करून येतो खरा, पण दुकान काही त्याला सोडत नाही. दोर किती, मशाली किती, तेल किती! दार दिसलं की आधी लांब काठीने टोचणार, मग खाली पाणी ओतून बघणार, मग कोंबडी सोडणार. एका दारावर अख्खी दुपार गेली आणि दाराला कुलूपही नव्हतं. मार्सी दिवसभर दातांच्या दवाखान्यात लोकांना आ करायला सांगते. इथे आली की तिचा आवाज बारीक होतो आणि मेलेल्या घोड्यासाठी ती खरोखरचे अश्रू ढाळते, तेही वेन्डेलने काढलेल्या नकाशावर. मग हा म्हणणार, "मार्सी, रडून झालं असेल तर दार उघडू या का?" आणि ती, "तुला घोडा गेल्याचं दुःख नाही, खोगीर गेल्याचं आहे!" खोगिराचं त्याला होतंच, हे मीही सांगते.

माझी तऱ्हा तिसरीच. ब्रोगनला दोराने वर ओढला, समोर राक्षस गदा घेऊन उभा. मी विचारलं, "तुझं नाव काय रे बाबा?" डॅडनी त्याची ताकद, उंची, चिलखत सगळं ठरवून ठेवलं होतं, नाव मात्र ठेवलं नव्हतं. बराच वेळ अडखळून म्हणाले, "केनेथ." आपल्या प्लंबरचं नाव, दुसरं काय सुचणार! मग मी केनेथला विचारलं, एकटाच राहतोस का, जेवायला कोण घालतं, आणि पिशवीतलं सुकं मांस त्याच्यापुढे ठेवलं. वेन्डेल किंचाळला, "डार्लीन, ती आपल्या सगळ्यांची शिदोरी आहे!" पण केनेथ खाली बसला आणि जेवला. गदा त्याने बाजूला ठेवली. डॅड मला फासा टाकायला सांगतील म्हणून मी हात पुढे केला होता, पण त्यांनी सांगितलंच नाही.

तेव्हा मला तुझी आठवण झाली. ऑक्टोबरात तूही त्याच राक्षसापुढे उभा राहून बोलत होतास. मी जिन्यात कपड्यांची टोपली घेऊन ऐकत होते, आणि तू फार सुंदर बोलत होतास, कर्टिस. डॅडनी मध्येच फासा टाकायला लावला, एक पडला, म्हणजे सगळ्यात हलका आकडा, आणि ब्रोगन खड्ड्यात गेला. तू म्हणालास, "मी काय बोलतो ते तुम्ही कधी ऐकलंच नाही. तुम्हाला फक्त आकडा दिसतो." भांडण राक्षसावरून नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. विमा कंपनी सोडून नाटकवाल्यांकडे जातोय असं तू त्याच आठवड्यात सांगितलंस, आणि त्यावर ह्यांनी एवढंच विचारलं की पगार किती. तेव्हापासून फोनवर तू माझ्याशी बर्फावर बोलतोस, मांजरावर बोलतोस, आणि डॅडचं नाव निघालं की तुला कुठेतरी जायचं असतं. ते टेबलाशी बसून काही न ऐकल्यासारखा पेपर वाचत असतात. पान उलटत नाहीत.

आता गेल्या शनिवारचं ऐक. डॅड खाली आले ते पुठ्ठ्याचा आडोसा घेऊन. तो पुढ्यात उभा केला की फासा त्यांच्याशिवाय कुणाला दिसत नाही. "आडोसा चोराला लागतो, मी सगळ्यांसमोर टाकतो," असं आयुष्यभर सांगणारा हा माणूस! विचारलं तर म्हणे, दिव्याची तिरीप डोळ्यांवर येते. खेळ सुरू झाला आणि केनेथची आई घरी आली. तिला पाहुणे आवडत नाहीत. आई म्हणून मला तिचं म्हणणं पटत होतं, पण तिने गदा उचलली ती ब्रोगनवरच, आणि ब्रोगनच्या अंगात आणखी एक घाव सोसण्याचंही बळ नव्हतं. मार्सीने डोळे मिटले. वेन्डेल मशाली मोजायचा थांबला. मी त्याच वेळी कॉफी ओतायला डॅडच्या पाठीशी उभी होते. फासा गडगडला आणि थांबला. वीस. वीस म्हणजे तिचा घाव बसणारच; आपल्यासाठी त्याहून वाईट आकडा नाही, एवढं आता मलाही कळतं. डॅड त्याच्याकडे बघत राहिले, मग फासा उचलून म्हणाले, "नेम चुकला तिचा." कान बिटासारखे लाल झाले होते.

तू ह्या माणसाला ओळखतोस. गोठलेल्या तळ्यावर चिटपाखरू नसतानाही नियमाच्या मापाला बोटभर कमी भरलेला मासा तो बर्फाच्या भोकातून परत सोडतो. मी त्याच्या तोंडून कधी खोटं ऐकलं नव्हतं. पहिल्यांदा ऐकलं ते कागदावर पेन्सिलीने लिहिलेल्या एका माणसासाठी, कारण तो माणूस तुझा आहे. मला इतकं भरून आलं की वेन्डेलच्या कपाबाहेर कॉफी सांडली.

सगळे गेल्यावर कप पुसता पुसता त्यांनी विचारलं, "दिसलं तुला?" म्हटलं, "दिसलं." पुसलेला कप फडताळात ठेवत म्हणाले, "कर्टिसला फोन करून सांगू नकोस. शब्द दे." दिला. मी दिल्या शब्दाला जागणारी बाई आहे, म्हणून फोन केला नाही. हे पत्र लिहिलं. येत्या शनिवारी गदा अजून केनेथच्या आईच्याच हातात असणार आणि तुझ्या डॅडना दुसरं खोटं झेपणार नाही. मी सगळ्यांना सांगून टाकलंय की मला चर्चमध्ये ॲपल-पाय भाजायला जायचंय. खुर्ची रिकामी असेल. ये, आणि केनेथच्या आईशी तूच बोल.

तुझीच,
मॉम