मला न आवडलेली पुस्तकं

३ फेब्रुवारी, सोमवार

कोपरा माझ्या गळ्यात पडला!

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या ग्रंथपाल, म्हणाल्या, तेरा ते सतरा वयाच्या मुलांसाठी एक कपाट, एक सतरंजी आणि तू. बुधवारी नि शनिवारी शाळा सुटल्यावर तिथं बसायचं आणि मुलांना पुस्तकं सुचवायची. अभ्यासाची नव्हेत. मजेची. ‘मजेची’ त्या दोनदा म्हणाल्या, बहुतेक माझं तोंड बघून.

महिनाअखेरीस समिती बघायला येणार. मुलं येत नसतील तर त्या जागी झेरॉक्सचं मशीन बसणार. आणि माझी नोकरी तात्पुरती, ती या कोपऱ्यापुरतीच. म्हणजे मशीन आत, मी बाहेर. इकडे बाबा ज्या ज्या घरी नळ दुरुस्त करायला जातात तिथं सांगून येतात, ‘आमची मुलगी पुस्तकांच्या हापिसात साहेब आहे.’ कुणाकुणाला जाऊन खरं सांगू?

४ फेब्रुवारी

मी मजेसाठी एकही पुस्तक वाचलेलं नाही. हे इथंच लिहिते, दुसरीकडे बोलायची सोय नाही.

घरात पुस्तक उघडणारी मी पहिली. त्यामुळे आमच्याकडे पुस्तक म्हणजे परीक्षा. मी वाचायला बसले की आई इस्त्रीसुद्धा अलगद टेकवते — लोकांच्या कपड्यांचा ढीग तसाच राहतो. बाबा खोकायला जिन्यात जातात. दादानं तर कित्येक मॅचेस आवाज बंद करून पाहिल्यात. षटकार बसला की उशी तोंडात धरतो. एवढी माणसं श्वास रोखून बसल्यावर कुणाची हिंमत आहे मजा करायची?

आज कपाटातलं एक पुस्तक घरी आणलं. बऱ्याच वेळानं लक्षात आलं — हातात पेन्सिल आहे आणि मी महत्त्वाच्या वाक्यांखाली रेघा मारतेय. वाचनालयाच्या पुस्तकात! मग खोडरबर घेऊन बसले. आई हळूच म्हणाली, “चुकलं का गं उत्तर?”

५ फेब्रुवारी

कुणी आलं नाही. सतरंजी झटकली.

दोन नियम केले. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय पुस्तक सुचवायचं नाही. आणि खोटं बोलायचं नाही. मुलांशी तर नाहीच.

८ फेब्रुवारी, शनिवार

दोघं आली. एक मुलगी, दोन वेण्या, प्रत्येक वाक्याला ‘पण का?’ मी मनात तिचं नाव वकीलबाई ठेवलं. आणि तिचा मावसभाऊ, जो दारातून आत येतानाच जांभई देत होता. त्याला दुसरं नाव काय देणार?

मी गुप्तहेराची कादंबरी उघडून आशय, मांडणी, पात्रचित्रण असं क्रमानं सांगायला लागले. जांभईनं विचारलं, यावर प्रश्न किती गुणांचे येतात? मी म्हटलं, येत नाहीत. तर तो चक्क उठायला लागला. बसला का होतास मग बाबा!

तेवढ्यात वकीलबाई म्हणाली, “तुम्हाला आवडलं का, ताई?”

हा प्रश्न मला बालवाडीपासून कुणी विचारलेला नाही. समजलं का, हे विचारतात. पाठ झालं का, हेही विचारतात. आवडलं का?

नियम म्हणजे नियम. म्हटलं, नाही. त्या गुप्तहेराला सगळं आधीच कळलेलं असतं आणि तो आपल्याला सांगत नाही, ही लबाडी आहे. तिनं भुताच्या पुस्तकाकडे बोट दाखवलं, हे? म्हटलं, हेही नाही. भूत असून सारखी माफी मागतं. घाबरायचं कधी?

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ती भूत घेऊन गेली, तो गुप्तहेर. निरोप न घेता.

नोकरी गेली म्हणून समजायचं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

वकीलबाई आली ती भांडायलाच. वर्गातल्या चौघींना घेऊन. म्हणाली, भुताचं तुम्हाला कळलंच नाही. ते बहिणीशी भांडण अर्धवट सोडून मेलंय, आता जो दिसेल त्याची माफी मागणार नाही तर काय करणार? शेवटची पानं नीट वाचलीत का? मी वाचली होती. पेन्सिल घेऊन वाचली होती. पण ती सांगत असताना माझ्याच अंगावर काटा आला.

जांभईसुद्धा आला. म्हणाला, गुप्तहेर लबाड नाहीये, ताई, त्याला वाटतं आपण हुशार आहोत, आपल्याला कळेलच. एकदाही जांभई दिली नाही. आता याला हाक काय मारायची?

मग त्या चौघी. “ताईंना न आवडलेलं द्या ना एखादं.” मी खरं खरं सांगत गेले. यातला नायक पानोपानी उसासे टाकतो, त्याला दमा आहे की प्रेम, शेवटपर्यंत कळत नाही. त्या पुस्तकावर तिघींचे हात पडले.

१५ फेब्रुवारी

सतरंजी पुरली नाही! एक जण कपाटाला टेकून उभा. सगळे मला समजावून सांगायला आलेत. उसाशांवरून दोन तट पडलेत, दमा आणि प्रेम.

मोठ्या बाई पाठीवर थाप मारून म्हणाल्या, काय युक्ती काढलीस गं! म्हटलं, युक्ती नाही बाई, मला ही पुस्तकं खरंच नाही आवडली. म्हणाल्या, विनय पुरे. पुढच्या शनिवारी समिती येतेय, हेच चालू ठेव.

खरं बोलूनही कुणी विश्वास ठेवू नये, याला काय म्हणायचं?

१६ फेब्रुवारी, रविवार

भयंकर झालं.

कपाटातलं पुढचं पुस्तक घेतलं. एका गावाचा घड्याळाचा मनोरा शेजारचं गाव चोरून नेतं. मग दोन म्हाताऱ्या सगळ्या गावाला घेऊन तो परत चोरायला निघतात — विटांसकट, पिशव्यांतून. दोघी साठ वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत, म्हणून सगळे हुकूम एका बैलाच्या कानात सांगतात आणि दुसरीनं ते ऐकायचे. आणि मनोरा आणून, रचून, वर झेंडा लावल्यावर कळतं की तिसऱ्याच गावाचा आणलाय.

मी हसले. म्हणजे आवाज करून. घरात एवढी शांतता की तो बंदुकीसारखा झाला. आईनं इस्त्री उभी केली आणि माझ्या कपाळाला हात लावला. मी तिला सांगायला गेले, ‘बैलाच्या कानात’ एवढंच जमलं, पुढं पुन्हा तेच. दादा दारात येऊन म्हणाला, हिला झालंय काय?

बाबा जिन्यातून धावत आले. “परीक्षा जवळ आली का?”

“आता परीक्षा नाहीये, बाबा.”

“मग वाचतेस कशाला?”

मी पुस्तकच त्यांच्यापुढे धरलं. बाबा शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, बैलाचं काय ते सांग. सांगितलं. मनोरा चुकीचा निघाल्यावर बाबा गंभीर झाले. म्हणाले, होतं असं. मी एकदा दुसऱ्याच घरातली टाकी बदलून आलोय.

१७ फेब्रुवारी

ते पुस्तक मला आवडलं. आता काय करू?

मुलं नेतात ती मला न आवडलेली. आवडलं म्हटलं तर त्याला कुणी हात लावणार नाही, शिवाय भांडायला कारणच उरलं नाही तर येतील कशाला? नाही आवडलं म्हणू? जीभ वळत नाही. इतकं चांगलं पुस्तक आणि माझ्या शिफारशीनं मरणार.

१९ फेब्रुवारी, बुधवार

पुस्तकावर बसले. वकीलबाईनं विचारलं, खाली काय आहे? म्हटलं, बसायला घेतलंय. हे खोटं नाही. मी बसले होते.

कंबर दुखतेय.

२२ फेब्रुवारी, शनिवार

समिती आली. अध्यक्ष चांगले माणूस असावेत, पण चेहरा दार लोटून घेतल्यासारखा. मुलं खचाखच. आधी सगळं छान चाललं होतं — दमावाल्यांनी प्रेमवाल्यांना निरुत्तर केलं. अध्यक्षांनी मान हलवली. आणि मग मला विचारलं, “यातलं तुमचं स्वतःचं आवडतं पुस्तक कोणतं?”

सगळ्यांच्या माना माझ्याकडे. वकीलबाई तर खुशीत. तिला माहीत होतं, मी ‘एकही नाही’ म्हणणार.

मी उठले, बुडाखालचं पुस्तक काढलं आणि म्हटलं, हे.

का, ते सांगायला लागले. दोन म्हाताऱ्यांपर्यंत आवाज ठीक होता. बैल आला आणि गेलं सगळं. समितीसमोर! डोळ्यांतून पाणी, उचकी लागली, एका हातानं कपाट धरलंय. कुणी पाणी आणून दिलं, तेही नाकातून आलं. बैलाच्या कानात काय सांगितलं ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. मोठ्या बाई छताकडे बघत होत्या. समिती खाली उतरेपर्यंत मी उचक्याच देत होते. तशीच घरी आले.

आईला सांगितलं, नोकरी गेली. ती म्हणाली, हसलीस म्हणून? मग जाऊ दे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

कोपरा राहिला! मी पण! मशीन जिन्याखाली.

मोठ्या बाईंनी सांगितलं, मी घरी गेल्यावर पोरांनी त्यांच्या टेबलाला गराडा घातला. बैलाच्या कानात काय सांगितलं, ते हवंच होतं सगळ्यांना. मनोऱ्याच्या पुस्तकासाठी नंबर लागले. अध्यक्षही माघारी वळून रांगेत उभे राहिले, तर वकीलबाई म्हणाली, काका, तुमच्याआधी खूप जण आहेत.

बुधवारी पहिला नंबर तिचाच.

२६ फेब्रुवारी, बुधवार

मनोऱ्याचं पुस्तक सापडत नाहीये. मोठ्या बाईंनी कपाट पुढे ओढलं, जांभईनं सतरंजी उचलून पाहिली, वकीलबाईला सगळ्यांचाच संशय. मीही त्यांच्याबरोबर गुडघ्यांवर बसून बाकांखाली शोधलं, अगदी मन लावून.

माझ्या डब्याच्या पिशवीत आहे. दुसऱ्यांदा वाचतेय. शनिवारी देईन.