वरचा मजला कोणासाठी?

रविवार, ३ नोव्हेंबर २०२४

कृत्रिम बुद्धिमत्ता! आता तीही माझ्याच गळ्यात. प्राचार्य म्हणाले, "मिस इनास, बांधकामातली कृत्रिम बुद्धिमत्ता. मुलांकडून एक प्रकल्प करून घ्या, डिसेंबरात प्रदर्शन आहे." प्रयोगशाळेत संगणक नऊ, चालतात चार. सव्वीस वर्षं काँक्रीट शिकवतेय. त्यालाच माझा जीव विटला होता, त्यात ही भर.

बुधवार, ६ नोव्हेंबर

विषय ठरला. इमारतीचा फोटो दाखवायचा, यंत्राने सांगायचं – काम किती झालंय. कल्पना वर्गातल्या युस्तिनाची. पोरगी हुशार, पण तोंड उघडेल तर शपथ. तिच्या वाटणीचं महरूस बोलतो. यंत्राला शिकवायला हजारभर फोटो लागतात. परदेशातले आयते मिळाले.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

आज मुलूखियाची पालेभाजी केली होती. आई आणि मी जेवायला बसतोय तोच दादा वरच्या मजल्यावरून खाली आला.

"इनास, आमच्या तामिरचं लग्न मार्चमध्ये धरलंय. मुलीकडचे घर बघायला येतील."

घर म्हणजे हेच. तळमजला – जिथे आई आणि मी राहतो. आई वर दादाकडे जाणार. आणि मी?

"तुला काय गं, एकटा जीव. मागची खोली आहे की."

मागची खोली! तिथे वहिनीच्या लोणच्याच्या बरण्या आणि एक मोडकं वॉशिंग मशीन. म्हटलं, तामिरसाठी गच्चीवर बांध ना, बाबांनी कॉलमच्या सळया सोडल्यात. तर म्हणाला, "त्या धाकट्याला. दोघांना दोन नकोत?"

आई चमच्याने भात चिवडत राहिली. घर तिच्याच नावावर आहे. पण सगळी गल्ली तिला उम्म रशाद म्हणून ओळखते, रशादची, म्हणजे दादाची आई, आणि त्याला तिने जन्मात नाही म्हटलेलं नाही. मीही ताटं उचलायला उठले. भांडायला अंगात जोर लागतो.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

हसून हसून पुरेवाट! यंत्र सुरू झालं. मुलांनी आपापल्या गल्लीतले फोटो दाखवले, तर अख्ख्या दमनहूर शहरात एकही घर पुरं झालेलं नाही! दोऱ्यांवर कपडे वाळताहेत, खिडकीत माणसं बसलीत, आणि हे म्हणतं – काम चालू आहे. गच्चीवर सळया दिसल्या की त्याचं ठरलंच. परदेशात घर बांधलं की बांधलं. पुढच्या मजल्यासाठी वर सळया सोडून ठेवतात हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार?

महरूस म्हणाला, "मिस, आम्ही सात जण राहतो त्या घरात, आणि हे म्हणतं सत्तर टक्के झालंय!"

मग घरोघरी जाऊन विचारायचं ठरलं. फॉर्म केला: मजले किती, घरात बिनलग्नाचे मुलगे किती, आणखी बांधणार का. युस्तिनाने शेवटी एक प्रश्न घातला – कोणासाठी? मी सही केली.

घरी येऊन पुस्तकं खोक्यांत भरायला घेतली. दोन खोकी झाली, मग कंटाळले.

रविवार, १७ नोव्हेंबर

साठ फॉर्म आले. कोणासाठी? – मुलासाठी. मुलासाठी. मुलासाठी. एकाने लिहिलंय, "अजून झाला नाही, पण होईल त्याच्यासाठी"!

महरूसने प्रत्येक घरातल्या मुलग्यांचा आकडा यंत्राला दिला. मग काय, कुठलं घर वाढणार आणि कुठलं पुरं झालं, सगळी उत्तरं धडाधड बरोबर! "मिस, उगाच सळया शिकवत बसलो. याला मुलगे मोजायला शिकवायचं होतं!" वर्ग खो-खो हसला. मीही हसले.

परत येताना मायक्रोबसमध्ये एकदम रडू आलं. फॉर्मवर मुलींचा रकानाच नाही. मीच तपासला होता!

सोमवार, १८ नोव्हेंबर

वर्गात एका फॉर्मवरून जुंपली. महरूस म्हणाला, "मिस, एक्केचाळीस नंबर काढून टाकलाय. एवढाच एक बसत नव्हता. मुलगे शून्य, आणि म्हणे आणखी बांधणार. म्हातारीचा काहीतरी घोटाळा झाला असणार."

युस्तिना ताडकन उठली. "घोटाळा नाही झाला. मी दोनदा विचारलं. त्यांनी मला चहा पाजला आणि दोन्ही वेळा तेच सांगितलं."

फॉर्म हातात घेतला. नाव – उम्म रशाद. पत्ता आमचा. दादाची दोन पोरं आईने मोजली नव्हती, ती वरच्या घरातली. मी इकडे शिकवत होते तेव्हा ही पोरगी माझ्याच घरी जाऊन आली, आणि घर कोणाचं हे तिला ठाऊकच नाही! कोणासाठी? – मुलीसाठी.

अक्षरं दिसेनाशी झाली. "परत घाल तो," म्हणत फॉर्म महरूसच्या हातात ठेवला.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

आई कोबीची पानं सुटी करत बसली होती. विचारलं.

"हो, तुझ्यासाठीच. वरची स्लॅब ओतली त्या दिवशीच तुझे बाबा म्हणाले, रशादचा मजला झाला, आता त्याच्या वरचा इनासचा."

"आणि तू आज सांगतेस?"

"आधी वाटलं, तुझं लग्न होईल, कशाला बोला. मग नाही झालं. तेव्हा वाटलं, आता बोलले तर तुला लागेल. आणि मला विचारलं कोणी? त्या पोरीने विचारलं, तिला सांगितलं."

बाबांना जाऊन बावीस वर्षं झाली. बावीस वर्षं मी धरून चालले की त्यांना मी आठवलेच नाही! त्यांच्या कबरीवर जायचंही मी टाळत आले. खूप ओरडले आईवर. शेवटी म्हटलं, हेच दादासमोर बोलशील? आई पानं सुटी करत राहिली.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

आईशी बोलले नाही. सगळी पुस्तकं भरून झाली.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

दादा आला – सामान कधी हलवतेस? मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "हे घर तामिरला दे. मी इनासच्या घरी राहीन."

दादा हसला. "इनासचं घर? ते कुठे आलं?"

"तुझ्या डोक्यावर. गवंड्याला मी सांगितलंय, उद्या सकाळी येतोय."