आठ बोल्टांचा ट्रक

वाडी, नागपूर
६ नोव्हेंबर २०२५

चि. मेघास,
अ. आ. आणि सप्रेम जयभीम.

फोनवर मले आता ऐकू येत नाही, गॅरेजच्या ठोकाठोकीनं कान गेले, म्हणून हा कागद. तुझ्या आजोबांचा बासष्टचा ट्रक मी चालू केला वं! जानेवारीत जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात न्यायचा आहे. पण फॉर्मचे दोन रकाने अडले: मूळ इंजिन कोणतं, अन् मालासकट वजनाची मर्यादा किती. दारावरच्या पाटीवर दहा टन कोरलं आहे, इंजिन सहा सिलिंडरचं. तरी मागचा एक्सल मले बारीकच वाटते. तू पुण्यात ट्रकच्या कंपनीत आहेस, जुनं पुस्तक पाहून सांग. तुझी मोठीआई म्हणते, हा माणूस जेवता जेवता उठून ट्रकले चक्कर मारून येते. खरं आहे. जीव कुठं लागून नाही राहिला. फोटो सोबत आहेत.

म्हाताऱ्यावर माया राहू दे.
तुझा मोठेबाबा,
नागसेन

पुणे
१४ नोव्हेंबर

ती. मोठेबाबांस,
सविनय जयभीम, वि. वि.

पुस्तक सापडलं. हे मॉडेल दोन प्रकारांत यायचं, तोंडवळा अगदी एक. हलका साडेसात टनांचा, चार सिलिंडरचा. भारी दहा टनांचा, सहाचा. ओळख मागच्या चाकांवरून: हलक्याला आठ बोल्ट, भारीला दहा. तुमच्या फोटोत मी आठ मोजले. इंजिन कधीही बदलता येतं. ते ओढतं, पण ओझं पेलतो तो एक्सल.

रागावू नका, पण विचारते. आजोबांचे ड्रायव्हर मारोतराव, ज्यांचा अपघातात पाय गेला, ते हाच ट्रक चालवायचे ना? माझे बाबा सांगायचे की ते त्या दिवशी दारू पिऊन होते. पुस्तक वाचल्यापासून माझं कशात लक्ष नाही.

मोठीआईला नमस्कार, आणि जेवण बसून पूर्ण करा.
तुमची मेघा

वाडी
२२ नोव्हेंबर

चि. मेघास, अ. आ.

बोल्ट आठच. तीनदा मोजले. पहिल्या कागदात मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली.

चौऱ्याऐंशी साली माझ्या बाबांनी, तुझ्या आजोबांनी, भंगारातून मोठं इंजिन आणलं, अन् त्याच भंगारातल्या भारी गाडीची पाटी. मी एकोणीस वर्षांचा होतो. त्या पाटीचे रिव्हेट मीच ठोकले. काहून बदलता, हे विचारलं नाही. मग आम्ही दहा टनांच्या मापानं माल भरू लागलो. दोन महिन्यांत मनसरच्या उतारावर एक्सल तुटला, ट्रक उलटला, मारोतरावचा पाय केबिनमध्ये चिरडला. बाबांनी सर्वाईले सांगितलं, ड्रायव्हर पिऊन होता. मीही तेच सांगत आलो. बाबांनीच माझ्या हाती पाना देऊन हे काम शिकवलं, त्यांच्याबद्दल हे कोणत्या तोंडानं बोलू? मारोतराव रामटेकले आहेत. दोनदा स्कूटर काढली अन् मनसरवरून परत फिरलो.

काही सुचत नाही. लवकर लिही.
नागसेन

पुणे
२८ नोव्हेंबर

ती. मोठेबाबांस, सविनय जयभीम.

आजोबा गेले, मारोतराव आहेत. पुस्तकाच्या पानाची झेरॉक्स पाठवते. ती घेऊन जा आणि या वेळी मनसरवरून परत फिरू नका.

तुमचीच,
मेघा

वाडी
७ डिसेंबर

चि. मेघास, अ. आ. आणि जयभीम.

पाटी काढली, फॉर्मवर चार सिलिंडर अन् साडेसात टन लिहिलं अन् काल रामटेकले गेलो. मारोतराव दारात खाटेवर बसून तांदूळ निवडत होते. रिव्हेटपासून दारूच्या खोट्या गोष्टीपर्यंत सारं सांगितलं. त्यांनी झेरॉक्स सावकाश वाचली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले की थांब, पार्वतीले बोलावतो, तिच्यासमोर पहिल्यापासून सांग.

एकेचाळीस वर्षं त्या बाईले वाटत होतं, नवऱ्यानं पिऊन पाय घालवला. मारोतरावच्या शपथेवर तिच्या माहेरच्यांनीही विश्वास ठेवला नाही. मी पुन्हा सांगितलं. तिनं विचारलं, एक थेंबही नव्हता? म्हटलं, नव्हता, ते बाबांनी रचलं.

ती अनवाणीच बाहेर गेली. मले वाटलं, रडायले गेली. तर शेजारच्या मनोहररावाले घेऊन आली. मग जावेले. मग किराणावाल्याले. दरवेळी मारोतराव म्हणत, रिव्हेटपासून सांग. सात वेळा सांगितलं वं, मेघा. सातव्या वेळी बोलून बोलून आवाज बसला. पार्वतीबाईनं पाण्याचा गिलास हातात दिला अन् म्हणाली, बसा, अजून माझा भाऊ यायचा आहे.

आता तूही माझ्यावर राग धरला तरी पत्र लिहीत जा.
तुझा मोठेबाबा,
नागसेन