डावखुरी देवी

८ जानेवारी १९५६, रविवार

तंबूवाल्याने पुन्हा तोच घोड्याचा सिनेमा लावला! मंगरूळपीरला चित्र यायचं म्हणजे ते आधी साऱ्या मुलखात फिरून, झिजून, तुटूनच येणार. हा तर जर्मनच्या लढाईच्याही आधीचा असावा. नटी चाबूक घेऊन छपरावरून उडी मारते, चार गुंड लोळवते आणि केसाची बट हलत नाही. मी वांगी तोडते तर पदर जागेवर राहत नाही. त्यातल्या त्यात घोडा बरा. रडत नाही, गात नाही, हाक मारली की येतो.

तंबूवाल्यांच्या चुलीवरची भाजी आमच्या मळ्यातली, म्हणून आम्हाला तिकीट नाही. नाहीतर तेच ते कोण बघतं!

१४ जानेवारी, संक्रांत

माझ्या हिरीने शेजारच्या रुखमाबाईंच्या पुढे तीळगूळ धरला — डाव्या हाताने. बाईंनी हात मागे घेतला. तीळगूळ मातीत. सहा वर्षांची पोर, तिला काय कळलं? नुसती माझ्याकडे बघत राहिली.

सासूबाईंनी घरी आल्याबरोबर तिच्या डाव्या हाताला चिंधी बांधली, खुंटीवर असते तीच. "उद्या लगन करा लागन तं कोन करून नेईन हिले? डाव्या हातानं वाढलेलं कोनी खात नसते!" मी म्हटलं, आत्याबाई, लहान आहे, राहू द्या. "तुले काय समजते!" हे अंगणात होते. ऐकून न ऐकल्यासारखं दोर वळत बसले.

पोर उजव्या हाताने भाकर मोडते, सांडते, अर्धपोटी उठते. रोज हेच. मला आता भांडायचाही कंटाळा येतो.

१९ जानेवारी

रडका सिनेमा. नायकाला क्षय — आणि फुप्फुसं अशी की एका दमात सगळं गाणं म्हणून मग मरतो! आजूबाजूच्या बायका हुंदके देत होत्या. मी जांभया.

परतताना यांच्याशी वाद. हे म्हणे, नायकाने मरताना उजवा हात पुढे केला. मी म्हणते डावा. मग हेच हसले. "अवो, तुमी मांगून पायता नं!"

खरंच की. पुरुष पडद्यासमोर, आम्ही बायका पडद्यामागे. कापडावर पाणी मारलं की चित्र आरपार दिसतं, पण उलटं. आमचे सगळे नायक डावखुरे! सुरुवातीची नावंही उलटी. मी चौथीपर्यंत शिकले म्हणून मला ती उलटी दिसतात. बाकीच्यांना अक्षरच येत नाही, त्यांना उलटं काय नि सुलटं काय.

२२ जानेवारी

मेथी कापली. कंबर मोडली. सासूबाई मळ्यातच जन्मल्या, मळ्यातच म्हाताऱ्या झाल्या, पण कापायला बसल्या की सगळ्यांच्या मागे. विळा अडखळतो. हे थट्टा करतात, "मायचा हात कवाच चालला नाही." त्या हसत नाहीत.

२८ जानेवारी

काल देवीचा सिनेमा. सासूबाई तंबूत पहिल्यांदाच! चपला बाहेर काढल्या, ओटीत नारळ.

चित्र जुनाट. देवीचा मुकुट वाकडा, ढग कापसाचे, उडताना दोरी दिसते. राक्षस म्हणजे परवाच्या रडक्या सिनेमातला डॉक्टरच! तिथेही माणूस वाचवता आला नाही, इथेही हरला. शेवटी देवी भक्ताच्या झोपडीत येते, आशीर्वाद देते, स्वतः पान वाढते. मी पेंगत होते. सासूबाईंनी माझं मनगट गच्च धरलं.

"पंचफुला! डावा हात हाये व तिचा! देवीचा!"

मी तोंड उघडलं. मग मिटलं.

त्यांनी पडद्यापाशी नारळ फोडला. आज सकाळी चिंधी सुटली. हिरीने डाव्या हाताने पोटभर खाल्लं, वर आणखी मागितलं! सासूबाई समोर बसून बघत होत्या. मला रडू आलं, चुलीच्या धुराचं निमित्त केलं.

३० जानेवारी

सासूबाई रुखमाबाईंना कुंपणावरून सांगत होत्या, "देवी डाव्या हातानं वाढते. म्या माह्या डोयानं पाह्यलं!"

२ फेब्रुवारी

झालं! पाणी मारून मारून पडद्यामागे चिखल झाला, म्हणून बायकांना आता पुढेच बसवणार. मध्ये कनात. रविवारी देवीचा सिनेमा, शेवटचा खेळ, मग तंबू कारंज्याला. सासूबाईंना जायचंच आहे. मी म्हटलं, आत्याबाई, तुमचे पाय दुखतात. "देवीले नाही म्हनू काय?"

समोरून पाहिलं की उजवा हात दिसणार. मग पुन्हा चिंधी. चार दिवस पोर नीट जेवली, ते काय कमी? नाही, कमीच.

५ फेब्रुवारी, रविवार

गेलो. तंबू उतरवायचा म्हणून दुपारचाच खेळ. समोरून मुकुट तितकाच वाकडा. देवी वाढायला वाकली. उजवा हात. मला सासूबाईंकडे बघवेना.

नारळ त्यांनी फोडला नाही. ओटीत तसाच परत.

वाटेत म्हणाल्या, "त्या रोजी आपन मांगून पाह्यलं होतं?"

"हो."

"तुले मालूम होतं?"

"हो."

घर येईपर्यंत त्या माझ्या चार पावलं पुढेच. हिरी डाव्या हाताने जेवली. त्या बघत राहिल्या. उद्या बांधणार, दुसरं काय!

६ फेब्रुवारी

सकाळी खुंटीवर चिंधी नाही. घरात हिरी नाही. मळ्यात धावले. मेथीच्या वाफ्यात दोघी बसलेल्या. चिंधी विळ्याच्या मुठीला गुंडाळलेली, आणि विळा सासूबाईंच्या डाव्या हातात. असा सपासप चालत होता की मी बघतच राहिले! मला पाहूनही थांबल्या नाहीत. हिरीला सांगत होत्या, "लोहार विळा उजव्या हाताचा घडवते, बाई. आपल्यायले असा पालथा धरा लागते."