शेळ्या विकायच्या नाहीत

बाबा,

मी टेम्पो घेऊन शेंगदाण्याच्या कारखान्यात जातेय. दाणे भाजल्यावर सुटणारी लाल सालं ते फेकून देतात, ती आजपासून आपल्याला मिळणार. मुकादम म्हणाला, "शेळ्या पाळतेस की उकिरडा?" मी म्हटलं, "आधी पोती भरा."

चराऊ कुरण बंद झाल्यापासून 'विकून टाकू' एवढंच तुमच्या तोंडी आहे. पण गेल्या आठवड्यात नमुन्याला आणलेल्या दोन पोत्यांतली थोडी सालं काल मी पाल्यात कालवून घातली. नकटीनेसुद्धा आधी नाक मुरडलं, मग घमेलं चाटूनपुसून साफ केलं! दुपारी तेवढीच द्या, जास्त नको. दाराजवळच्या ओल्या पोत्याला बुरशी आलीय, ते उघडूसुद्धा नका. मी आल्यावर पुरून टाकते.

शेळ्यांचा व्यापारी आला तर चहा पाजा आणि परत पाठवा. शेळ्या गेल्या की तुम्ही दादाच्या फ्लॅटवर जाऊन नुसते खिडकीशी बसून राहणार, हे मला कळत नाही का? "बाबा येत नाहीत," असं मी त्याला सकाळीच कळवलं. रागावलाय. रागावू दे.

गोळी जेवणानंतर घ्या.

तुम्ही गुंडाळून माळ्यावर टाकलेली दावी मी खाली काढली आणि पुन्हा खुंट्यांना बांधलीत.